वावडें आणि वाण

मृगाचा पाऊस जवळ आला कीं जालन्याच्या बाजारपेठेंत बियाण्यांच्या दुकानांपुढें शेतकऱ्यांची गर्दी होते. पिशवी हातांत पडल्यावर शेतकरी ती प्रथम उलटी करतो आणि मागची चिठ्ठी वाचतो. वाण कोणता, उगवण शेंकडा किती, शुद्धता किती, तपासणी केव्हां झाली आणि मुदत कोणत्या महिन्यापर्यंत आहे, हें त्याला तेथें पाहावयाचें असतें. १९६६ च्या बियाणें कायद्यानें या चिठ्ठीला अधिकार दिला. परंतु जालन्याच्या माणसाची नजर त्याच्याहि आधींपासून या बाबतींत तयार होत होती. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं 'महिको' ही बियाण्यांची कंपनी याच शहरांत स्थापन केली. १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण व्यापारी लोकांनीं फार पूर्वीं केलेली आहे. त्या पाळण्यांत पुढें बियाण्याचा धंदा वाढला, आणि वाण म्हणजे काय, संकर म्हणजे काय, हें येथील अल्पशिक्षित शेतकऱ्यालाहि शिकवावें लागेनासें झालें.

याच शहरांतील सुशिक्षित कुटुंब कुत्र्याचें पिलूं विकत घ्यावयास निघतें, तेव्हां मात्र पिशवी उलटी करून पाहण्याची ही संवय घरींच राहते. घरांत एखाद्या मुलाला दम्याचा त्रास असतो, किंवा गृहिणीला धुळीनें शिंका येत असतात. विक्रेता सांगतो कीं या जातीचे केस गळत नाहींत, म्हणून हिचें कोणालाहि वावडें होत नाहीं. पिलूं घरीं येतें, मुलांच्या अंथरुणांत झोपूं लागतें, आणि दोन-चार महिन्यांनीं रात्रीं मुलाच्या छातींतून शिटीसारखा आवाज येऊं लागतो. मग त्या कुत्र्याची रवानगी कोणाच्या तरी शेतावर होते, किंवा एखाद्या पहांटे तें गांवाबाहेरच्या रस्त्यावर सोडून दिलें जातें. विक्रेत्याच्या एका वाक्यापायीं मुलाचा श्वास आणि मुक्या जनावराचें आयुष्य, दोन्ही पणाला लागतात. हें वाक्य आलें कोठून, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

दख्खनच्या पठाराला कुत्रा नवा नाहीं. खंडोबाच्या घोड्यापाशीं कुत्रा असतो. दत्ताच्या पायाशीं चार कुत्रीं असतात. कुत्र्याला बाहेर सोडून स्वर्गांत पाऊल टाकण्यास धर्मराजानें नकार दिला, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. सातारच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीस आहे. परंतु या सर्व आदराबरोबर एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जुन्या मराठी घरांत कुत्र्याची जागा अंगणांत, देवडीवर, फार तर ओसरीवर होती. माजघरांत त्याला मज्जाव असे, आणि अंथरुणावर कुत्रें ही कल्पनाच कोणाला सुचली नसती. तो मज्जाव सोंवळ्याओंवळ्याच्या विचारानें होता, आरोग्याच्या नव्हे. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला कीं कुत्र्याच्या अंगावरचा कोंडा आणि मनुष्याचें नाक यांच्यामध्यें मोकळ्या हवेचें अंतर राहिलें. अंगण नसलेल्या बंद दारांच्या सदनिकांत कुत्रा आला, तेव्हां हें अंतर नाहींसें झालें. हल्लीं कुत्र्याचें वावडें अधिक ऐकूं येतें, त्याचें एक कारण येथें आहे.

मराठवाड्याचा स्वतःचा शिकारी कुत्रा म्हणजे कारवानी. उंच, सडपातळ, खोल छातीचा, बारीक कमरेचा, लांबट तोंडाचा हा कुत्रा कारवानांबरोबर फिरणाऱ्या लोकांमुळें त्या नांवास पोंचला, असें मानतात. लातूर जिल्ह्यांतील जानवळ हें गांव या कुत्र्यांच्या पैदाशीसाठीं प्रसिद्ध आहे. याच कुळांतल्या लांब केसांच्या कुत्र्याला पश्मी म्हणतात. दक्षिणेकडे मुधोळच्या घोरपडे घराण्यांतील राजे मालोजीराव यांनीं बेरड लोकांजवळचीं अशीं कुत्रीं पाहून त्यांची पैदास जोपासली आणि त्यांतलीं कांहीं पंचम जॉर्ज बादशहास भेट दिलीं. तेव्हांपासून मुधोळ हें नांव सर्वतोमुखीं झालें. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें देशी कुत्र्यांचीं जीं तिकिटें काढलीं, त्यांतहि मुधोळला स्थान मिळालें. या कुत्र्यांची निवड शतकानुशतकें एकाच कसोटीवर होत आली: ससा दृष्टीस पडल्यावर तो कुत्रा त्याला गांठतो कीं नाहीं. कागद नव्हता, शिक्का नव्हता. जो धांवे त्याची संतति ठेवली जाई. आंखूड केसांचा म्हणून कारवानी कुत्रा दमेकऱ्याच्या घराला चालतो, असा जो समज अलीकडे ऐकूं येतो, त्याला या जुन्या निवडींत कांहींहि आधार नाहीं. धांवण्यासाठीं निवडलेल्या कुत्र्याच्या लाळेंत काय आहे, हें कोणी पाहिलेलें नव्हतें.

एकोणिसाव्या शतकांत जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ही छावणी एका विलक्षण मार्गानें अजरामर झाली आहे. कॅनडांतील लेखिका माझो द ला रॉश हिनें १९२७ सालीं 'जालना' या नांवाची कादंबरी लिहिली आणि तिच्यांतील कुटुंबाच्या घराला तेंच नांव दिलें, कारण कथेंतला कॅप्टन पूर्वीं या छावणींत नोकरीस होता. पुढें तीन वर्षांनीं याच बाईनें आपल्या स्कॉटिश टेरिअर कुत्र्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानांतल्या छावण्यांतून विलायती कुत्रे आणीत आणि त्यांत देशी कुत्रे मिसळून शिकारीचे कळप करीत. अशा सरमिसळ कळपाला त्यांच्या बोलींत 'बॉबरी पॅक' असें नांव पडलें होतें. बॉबरी म्हणजे आपलें 'बाप रे'! ज्या समाजांत जातिवंत कुत्र्याचें वेड वाढीस लागलें, त्यालाच येथें सरमिसळीवर भागवावें लागत होतें, ही गंमत आहे.

तें वेड मूळचें इंग्लंडांतलें. १८५९ सालीं न्यूकॅसल येथें पॉइंटर आणि सेटर या जातींचें प्रदर्शन भरलें; कुत्र्यांचें रीतसर प्रदर्शन तेव्हांपासून सुरू झालें असें समजतात. १८७३ सालीं लंडनमध्यें केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या वंशावळींचीं नोंदणीपुस्तकें निघालीं. जात म्हणजे कामांतला गुण, ही कल्पना मागें पडली. जात म्हणजे नोंदलेले आईबाप आणि ठराविक रूप, ही कल्पना पुढें आली. जगभर आज वंशावळीचा जो कागद दाखविला जातो, त्याचें मूळ येथें आहे. हा कागद निरुपयोगी मुळींच नाहीं. आई, बाप, आजा, आजी कोण हें कळल्यानें जवळच्या नात्यांतील संकर टाळतां येतो, खुब्याच्या सांध्याचे व डोळ्यांचे आनुवंशिक रोग ओळखतां येतात. मात्र मनुष्याच्या नाकासंबंधानें त्या कागदावर एक अक्षरहि नसतें.

योगायोग असा कीं त्याच १८७३ सालीं मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांचा गवतज्वरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ब्लॅकली स्वतःच या व्याधीनें पीडलेले होते. त्यांनीं निरनिराळ्या फुलांचे पराग स्वतःच्या नाकांत ओढून आणि त्वचेवर खरवडून पाहिले, वरच्या हवेंतले पराग धरण्यासाठीं पतंग उडविले, आणि शिंकांचें मूळ उन्हांत नसून परागांत आहे हें सिद्ध केलें. पुढें १९०६ सालीं व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनीं 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. मराठींत याला 'वावडें' हा शब्द आधींपासून होता आणि तो अधिक नेमका आहे: पदार्थ चांगला, खाणाराहि चांगला, पण दोघांचें जमत नाहीं.

तें जमत नाहीं म्हणजे काय होतें, याचा छडा लागण्यास आणखी साठ वर्षें गेलीं. १९२१ सालीं प्राउस्निट्झ यांनीं आपले सहकारी क्युस्टनर यांच्या रक्तांतील द्रव स्वतःच्या त्वचेंत टोंचून घेतला. क्युस्टनर यांना माशाचें वावडें होतें, प्राउस्निट्झ यांना नव्हतें. पण टोंचलेल्या जागीं माशाचा अर्क घालतांच तेथें गांधी उठली. वावडें रक्तांतून वाहून नेतां येतें, हें त्यावरून ठरलें. तो वाहक पदार्थ १९६६-६७ च्या सुमारास सांपडला: अमेरिकेंत काम करणारें इशिझाका हें जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील जोहान्सन व बेनिच यांनीं तो स्वतंत्रपणें शोधला, आणि १९६८ सालीं त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई हें नांव मिळालें. ज्याच्या शरीरांत एखाद्या परक्या प्रथिनाविरुद्ध हा पदार्थ तयार झाला, त्याच्या नाकांत, डोळ्यांत आणि श्वासनलिकांत तें प्रथिन शिरतांच कालवाकालव सुरू होते.

कुत्र्याच्या बाबतींत अशीं अनेक प्रथिनें निश्चित झालेलीं आहेत. कुत्र्याच्या लॅटिन नांवावरून त्यांना 'कॅन एफ' असें म्हणतात आणि पुढें अनुक्रमांक लावतात. त्यांतलें मुख्य, कॅन एफ १, कुत्र्याच्या लाळेंत आणि त्वचेवरून झडणाऱ्या कोंड्यांत असतें. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, तिचे अतिसूक्ष्म कण हवेंत तरंगतात, कपड्यांना चिकटतात, आणि ज्या घरांत कुत्रा नाहीं तेथेंहि जाऊन पोंचतात. केस हें केवळ वाहन आहे. केस न गळणाऱ्या कुत्र्यालाहि लाळ असते, त्वचा असते, आणि त्वचेला कोंडा असतो. विक्रेत्याच्या वाक्याचा पाया येथेंच खचतो.

तरीहि तें वाक्य पसरलें, आणि त्याला कारण झाला एका भल्या माणसाचा भला हेतु. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत ऑस्ट्रेलियांतील अंधांसाठीं कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेंत वॉली कॉनरॉन हे पैदाशीचें काम पाहत. हवाई बेटांतील एका अंध बाईनें त्यांच्याकडे वाटाड्या कुत्रा मागितला. अडचण अशी कीं तिच्या पतीस कुत्र्याचें वावडें होतें. कॉनरॉन यांनीं अनेक पूडल कुत्रे पारखले, पण वाटाड्याच्या कामास एकहि उतरला नाहीं. शेवटीं त्यांनीं लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिलें झालीं. तिन्हींचे केस व लाळ हवाईस पाठविण्यांत आली, आणि त्या गृहस्थास त्यांपैकीं एकच पिलूं सोसलें. तें 'सुलतान' नांवाचें पिलूं पुढें त्या घरीं गेलें आणि त्यानें आपलें काम उत्तम केलें.

येथवर सर्व यथायोग्य होतें. पिलें तपासलीं गेलीं, ज्याचें वावडें त्याच्यावरच तपासलीं गेलीं, आणि तिघांतून दोन नापास झालीं. पुढें जें झालें तें मात्र बाजाराचें काम. उरलेलीं दोन पिलें संकरित म्हणून कोणी घेईना, तेव्हां त्या संकराला 'लॅब्राडूडल' असें नवें नांव देऊन त्याचा गाजावाजा करण्यांत आला. आणि नांव मिळतांच मागणीचा पूर लोटला. तिघांतून दोन नापास झालीं होतीं, हें कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं. पुढच्या एका वेतांतील दहा पिलांपैकीं तीनच सोसण्याजोगीं निघालीं, असें कॉनरॉन यांनींच सांगितलें आहे. ज्याला त्याला पूडलचा संकर काढतांना पाहून, आपण नसतें लचांड जगाच्या गळ्यांत अडकविलें, अशी खंत त्यांनीं उतारवयांत अनेकदां बोलून दाखविली.

या गोष्टींतला घोटाळा जालन्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं. संकरित बियाण्याचे आईबाप पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागानें शुद्ध केलेले असतात, म्हणून पहिल्या पिढीचें पीक एकसारखें येतें. तेंच बीं घरीं राखून दुसऱ्या वर्षीं पेरलें कीं एक ताट उंच, एक खुजें, एक कणसाचें, एक वांझ असें फुटतें. म्हणून संकरित बियाणें दरसाल नवें घ्यावें लागतें. लॅब्राडोर किंवा पूडल हे त्या अर्थानें शुद्ध वाणच नव्हेत. त्यांच्या पहिल्याच वेतांत भावंडां-भावंडांत फरक पडणार, आणि त्या भावंडांच्या संततींत तो आणखी वाढणार. अशा पिलांना एक सामायिक नांव देतां येतें. एक सामायिक गुण देतां येत नाहीं.

संशोधकांनीं हें मोजूनहि पाहिलें. २०११ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइटच्या परिसरांत १७३ घरांतील धूळ तपासण्यांत आली; 'वावडें न होणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत कॅन एफ १ कमी असल्याचें आढळलें नाहीं. २०१२ सालीं नेदरलँड्समध्यें साडेतीनशेंहून अधिक कुत्र्यांचे केस तपासले, तेव्हां त्या नांवाजलेल्या जातींच्या केसांवर हें प्रथिन उलट अधिकच निघालें. त्याच अभ्यासांतला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे: जाती-जातींत जेवढा फरक, त्याहून एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत फरक मोठा. २००९ सालीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या घरीं, मुलीला वावडें म्हणून, पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा 'बो' आला आणि त्या जातीचें नांव जगभर झालें. त्या घराला बो सोसला असेल. त्यावरून त्याची जात सर्वांना सोसते असें ठरत नाहीं.

तेव्हां वावडें असलेल्या घरानें कुत्र्याचा नाद सोडावा काय? कांहीं घरांनीं खरोखरच सोडावा. ज्याला दम्याचे जोरदार झटके येतात, ज्याला रुग्णालयांत न्यावें लागलेलें आहे, त्याच्या बाबतींत प्रयोग करण्याजोगी ही गोष्ट नव्हे. इतरांनीं प्रथम डॉक्टरकडून त्वचेची किंवा रक्ताची परीक्षा करून घ्यावी, कारण पुष्कळदां अपराधी दुसराच असतो. जालन्याच्या हवेंत कापसाच्या जिनिंगची धूळ आहे, पोलादाच्या कारखान्यांचा धूर आहे. गादींतले सूक्ष्म कीटक सर्वत्रच असतात. आणि १९५० नंतरच्या दशकांत पुण्यास प्रथम नोंदलें गेलेलें गाजरगवत आतां प्रत्येक बांधावर माजलें आहे. परीक्षेचा आणखी एक लाभ आहे. कॅन एफ ५ हें प्रथिन नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथींत तयार होऊन मूत्रांत उतरतें, आणि कांहीं लोकांना केवळ याचेंच वावडें असतें. अशांना मादी, किंवा खच्ची केलेला नर, सोसण्याचा संभव असतो. हा भेद कोणत्याहि जातीच्या नांवांत सांपडणार नाहीं.

त्यानंतरची परीक्षा नाकानेंच करावयाची. ज्या कुत्र्यास घरीं आणावयाचें, त्याच कुत्र्यापाशीं, वेगवेगळ्या दिवशीं, बंद खोलींत, तासभर बसून पाहावें. एका भेटींत कांहीं झालें नाहीं म्हणून निश्चिंत होऊं नये. या कामीं लहान पिलापेक्षां वाढलेला कुत्रा बरा, कारण पिलाच्या अंगीं आज जें आहे त्यावरून मोठेपणीं काय असेल तें सांगतां येत नाहीं. शक्य तर तो कुत्रा कांहीं आठवडे सांभाळावयास आणावा आणि मग ठरवावें. प्राण्यांना आश्रय देणाऱ्या संस्थांतून असें करतां येतें, आणि रस्त्यावरचा गांवठी कुत्रा या परीक्षेंत उत्तीर्ण झाला तर कोणत्याहि विलायती नांवाच्या कुत्र्याहून तो त्या घराला अधिक योग्य आहे.

पैदासकाराकडून घेणाऱ्यानें कायदाहि माहीत करून घ्यावा. २०१७ सालीं केंद्र सरकारनें कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम केले. त्यांप्रमाणें पैदासकाराची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आंतलें पिलूं विकतां येत नाहीं. अठरा महिन्यांच्या आंतल्या मादीचा संकर करूं नये, आणि एका मादीला जन्मांत पांचांहून अधिक वेतें होऊं देऊं नयेत. नोंदणीचा दाखला पाहावयास मागितल्यावर जो रागावतो, त्याच्या दारांतून परत फिरावें. पिलाची आई दाखविली जाते कीं नाहीं, हेंहि पाहावें. आई दिसली म्हणजे तिची प्रकृति, तिचा स्वभाव आणि तिची राहण्याची जागा, या तिन्ही गोष्टी एकदम दिसतात. लसीकरणाच्या नोंदी, सांध्यांच्या तपासणीचे कागद आणि मागील वेताची हकीकत सांगणारा पैदासकार बहुधा पुष्कळ प्रश्नहि विचारतो: घरांत कोण कोण आहे, दिवसा कुत्रा कोणापाशीं राहणार, वावडें कोणाला आहे. असा मनुष्य या जातीचें कोणालाच वावडें होत नाहीं असें म्हणणार नाहीं. बियाण्याच्या चिठ्ठीवर उगवणशक्ति छापतात, एकरी उत्पन्न छापीत नाहींत. कारण पहिली गोष्ट पेढीवर तपासतां येते, दुसरी शेतांत आणि पावसांत ठरते. पैदासकारहि आईबापांची आणि प्रकृतीची हमी देऊं शकतो. घेणाऱ्याच्या नाकाची देऊं शकत नाहीं.

घरीं आणल्यावर जुन्या ओसरीचा नियम थोडासा परत आणावा लागतो. निजण्याच्या खोलींत कुत्र्याला प्रवेश नको, गाद्या-गालिचे शक्य तेवढे कमी असावेत, आणि ज्याला वावडें आहे त्यानें केस विंचरण्याचें काम करूं नये. कुत्र्याला आंघोळ घातल्यानें अंगावरचें प्रथिन कमी होतें. पण तें कांहीं दिवसांतच पूर्ववत् होतें, म्हणून त्याचा उपयोग व्हावयाचा तर आठवड्यांतून दोनदां तरी आंघोळ घालावी लागते, असें १९९९ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें. चैत्र-वैशाखांत, टँकरची वाट पाहणाऱ्या जालन्यांत, ही आंघोळ कोणत्या पाण्यानें घालावयाची, याचा विचार कुत्रा आणण्यापूर्वींच केलेला बरा.

शेवटचा करार परतीचा. कुत्रा न सोसल्यास पैदासकार तो परत घेईल, किती दिवसांच्या आंत घेईल, आणि पैशाचें काय होईल, हें आधीं कागदावर लिहून दोघांनींहि सही करावी. पैदासकार हें लिहून देण्यास तयार नसेल, तर पिलूं त्याच्याकडेच राहूं द्यावें.